दिवेलागण ओळखणारी कळ

वळवाचा पाऊस पडून गेला, कीं हुमणीचे भुंगेरे तिन्हीसांजेस जमिनींतून बाहेर पडूं लागतात, बाभूळ-कडुलिंबावर जमतात आणि पुढें माद्या जमिनींत अंडीं घालतात. हुमणीची वर्षांत एकच पिढी होत असल्यामुळें हे थोडे दिवस हातचे गेले, तर अळी उसाच्या मुळ्या कुरतडीत असतां शेतकऱ्यानें पाहत राहावें, अशी पाळी येते. म्हणून या दिवसांत प्रकाश-सापळ्याचा दिवा वेळेवर लागणें अगत्याचें आहे. आणि नेमक्या त्याच वेळीं धारा-वैरणींत घरचीं माणसें गुंतलेलीं असतात.

हें काम आतां एक लहानशी कळ करते. तिचा मुख्य भाग म्हणजे कॅडमियम सल्फाइड या अर्धवाहक पदार्थाची बोटाच्या पेराहूनहि लहान चकती होय. अर्धवाहक म्हणजे तांब्याप्रमाणें विजेस मोकळी वाट न देणारा व कांचेप्रमाणें पूर्ण न अडविणारा पदार्थ. अंधारांत या चकतीचा विरोध दहा लाख ओहम किंवा त्याहूनहि अधिक असतो; प्रकाश पडतांच आंतील इलेक्ट्रॉन सुटे होऊन तो उतरतो व भर उन्हांत कांहीं शें ओहमांवर येतो. हा फरक ट्रान्झिस्टर ओळखतो आणि अंधार पडतांच दिव्याकडे प्रवाह सोडतो. प्रकाशानें विरोध घटण्याचा हा गुण विलोबी स्मिथ या इंग्रज अभियंत्यानें १८७३ सालीं सेलेनियममध्यें प्रथम जाहीर केला.

कळ बसवितांना दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, चकतीवर त्याच दिव्याचा उजेड पडूं देऊं नये. पडल्यास दिवा लागतांच कळ दिवस उगवला असें समजून तो मालवते, अंधार होतांच पुन्हां लावते, आणि उघडझाप रात्रभर चालते. चकतीचें तोंड आकाशाकडे, दिव्याच्या आडोशास असावें. तिजवरील धूळ पुसावी. दुसरी, या कळीस उजेड कळतो, वेळ कळत नाहीं. भुंगेऱ्यांचा जोर पहिल्या दोन-तीन तासांत असतो. पुढें पहाटेपर्यंत दिवा जळत राहिल्यास पिकाचे मित्रकीटकहि सापळ्यांत मरतात. म्हणून सोबत टायमर घ्यावा, किंवा जेवण उरकतांच स्वतः जाऊन दिवा मालवावा.

दिवा यंत्रानें लावला, तरी सापळ्याखालील रॉकेलमिश्रित पाण्यांत किती भुंगेरे पडले, हें सकाळीं शेतकऱ्यानेंच पाहावयाचें आहे. शिवाय भुंगेरे कोणाचा बांध जाणत नाहींत. शिवारांतील सर्वांनीं एकाच वेळीं सापळे लावले, तरच या खर्चाचें चीज होईल.