ग्रुपवर आलेली ‘एपीके’ फाईल उघडण्याआधी हे वाचा

लग्नसराई आली की ग्रुपवर पत्रिका फिरतात. हप्त्याची तारीख जवळ आली की ‘पीएम किसान’ची यादी येते. गाडी असेल तर चलनाचा मेसेज येतो. पण यातली एखादी फाईल पत्रिकाही नसते, यादीही नसते आणि चलनही नसतं. ते असतं एक अ‍ॅप. फाईलच्या नावात शेवटी टिंब आणि त्यापुढे इंग्रजीत ए-पी-के ही तीन अक्षरं दिसली, तर तिथेच थांबा. पुढची दोन-तीन बटणं दाबली की बँक खातं रिकामं होऊ शकतं.

एपीके म्हणजे काय?

फोटो आपण बघतो, पीडीएफ वाचतो. एपीके फाईल मात्र फोनमध्ये बसवली जाते. अँड्रॉइड फोनवरचं प्रत्येक अ‍ॅप अशाच फाईलमधून बसतं, त्यामुळे एपीके म्हणजे विषच असं नाही. ती कुणी बनवली आणि कुठून आली, हा खरा प्रश्न आहे.

बियाण्याचंच घ्या ना. दुकानातून सीलबंद पिशवी घेतली तर त्यावर कंपनीचं नाव असतं, लॉट नंबर असतो, हातात पावती असते. काही झालं तर विचारायला जागा असते. बाजारात कुणी अनोळखी माणसानं सुटी पुडी हातात दिली तर ती आपण रानात टाकतो का? प्ले स्टोअर म्हणजे ते दुकान. तिथंही कधी खोटा माल घुसतो, पण तपासणी होते आणि सापडला की काढला जातो. ग्रुपवरच्या फाईलला कसलीच तपासणी नाही.

ओटीपी न सांगता पैसे कसे जातात?

“मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही, तरी पैसे गेले,” असं म्हणणारी माणसं खोटं बोलत नाहीत. असं अ‍ॅप बसताना आधी ‘अनोळखी अ‍ॅप बसवू का’ ही परवानगी मागतं. मग मेसेज वाचायची परवानगी मागतं. आपण घाईत ‘अलाव’ दाबत जातो. एकदा ती परवानगी मिळाली की बँकेचा ओटीपी आपल्या फोनवर येतो आणि त्याच क्षणी चोराकडेही जातो. सांगायची गरजच उरत नाही.

काही अ‍ॅप ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतात. ही सोय अंध-अपंगांना फोन वापरता यावा म्हणून आहे. पण ती चुकीच्या अ‍ॅपला दिली, तर ते स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि आपल्या वतीनं बटणंही दाबू शकतं. बऱ्याचदा अशा अ‍ॅपचं चिन्हही दिसेनासं होतं. आणि तीच फाईल आपल्या नावानं सगळ्या नातेवाईकांना जाते.

गेम खेळणाऱ्या पोरांनो, तुमच्यासाठी

गेम खेळणं वाईट नाही, मलाही आवडतं. पण सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आली, तेव्हा बाहेरून फाईल आणून गेम टाकायची सवय बऱ्याच जणांना लागली. आता ‘मॉड एपीके टाका, फुकट डायमंड मिळवा’ म्हणून फाईली फिरतात. एक गोष्ट समजून घ्या: अशा ऑनलाईन गेममधले डायमंड तुमच्या फोनमध्ये नसतात. त्यांचा हिशोब कंपनीच्या सर्व्हरवर असतो. तुमच्या फोनमधली फाईल बदलून तिथला आकडा वाढत नाही. मग ती फाईल फुकट वाटणाऱ्याला काय हवं असेल? आणि फोन बहुतेक वेळा वडिलांचा असतो, त्यातलं सिम बँकेला जोडलेलं असतं.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर बंदी घालणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी असे खेळ बंद केले. ‘आमच्याकडे अजून चालू आहे, ही फाईल टाका’ असं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

नंबर मामाचा, पण मेसेज मामाचा का?

आपण फाईल उघडतो ती माणूस बघून. पण मामाच्या नंबरवरून आलं म्हणजे मामानंच पाठवलं असं नाही, त्यांचा फोन आधीच फसलेला असू शकतो. सरळ फोन लावून विचारा. ग्रुप अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. एपीके दिसली की आधी ती उडवा, विचारपूस नंतर करा. चलन बघायचं तर परिवहन विभागाच्या अधिकृत वेबसाईटवर, हप्ता बघायचा तर पीएम किसानच्या अधिकृत साईटवर बघा.

आजच एक काम करा. फोनच्या सेटिंगमध्ये ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’ शोधा आणि व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, क्रोम यांच्यापुढचं बटण बंद ठेवा.

फाईल बसलीच तर?

१. लगेच फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वायफायही बंद करा. नेटवर्क नसेल तर मेसेज पुढे जात नाहीत.

२. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. खातं, कार्ड, यूपीआय बंद करायला सांगा.

३. पैसे गेले असतील तर १९३० या सरकारी नंबरवर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

४. सेटिंगमधल्या अ‍ॅपच्या यादीतून ते अ‍ॅप काढा. निघत नसेल तर जाणकाराकडून फोन रीसेट करून घ्या.

५. ‘माझ्या नावानं आलेली फाईल उघडू नका’ असं दुसऱ्या नंबरवरून सगळ्यांना सांगा.

लाजेपोटी गप्प बसू नका. तुम्ही गप्प बसलात तर तुमच्याच नावानं आलेली फाईल भावकीतलं आणखी कुणी उघडेल. घरातल्या आजी-आजोबांना हे वाचून दाखवा आणि त्यांच्या फोनमधलं ते बटण तुम्हीच बंद करून द्या.