शेपा, पुदिना आणि एकाच रेणूचे दोन वास

बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत. संत्रं सोलताना सालीतून तेलाचे बारीक तुषार उडतात. साल दिव्याच्या ज्योतीजवळ मुडपली तर ते तडतडत पेटतात. या तेलाचा बहुतांश भाग लिमोनीन नावाच्या एकाच रेणूचा असतो, आणि संत्र्यातलं लिमोनीन ‘उजवं’ असतं. ‘डावं’ लिमोनीन पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांच्या तेलात सापडतं. त्याचा वास टर्पेंटाइनकडे झुकतो. दोघांत अणू तेच, तितकेच आणि त्याच क्रमाने जोडलेले. पण एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा.

लिंबाचा वास डाव्या लिमोनीनमुळे येतो, असं अनेक पुस्तकांत छापलेलं आढळतं. ते चूक आहे. लिंबाच्या सालीतही प्रामुख्याने उजवंच लिमोनीन असतं. लिंबाचा खास वास येतो तो सिट्रल या दुसऱ्या घटकामुळे.

या विषयातलं सगळ्यात ठसठशीत उदाहरण मात्र आपल्या घरातच आहे. बाळंतिणीला जेवणानंतर चघळायला देतात तो बाळंतशेपा, म्हणजे शेपूचं बी. त्याच्या उग्र वासात मोठा वाटा कार्व्होन या रेणूचा. स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्याचा थंड, गोडसर वासही कार्व्होनचाच! शेप्यात उजवं, पुदिन्यात डावं. दोन्हींत १० कार्बन, १४ हायड्रोजन आणि १ ऑक्सिजन. उकळण्याचं तापमानही एकच.

वासातला हा फरक तेलातल्या भेसळीमुळे तर येत नसेल? ही शंका बरीच वर्षं होती. १९७१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दोन्ही कार्व्होन काळजीपूर्वक शुद्ध करून हुंगायला दिले. तरीही वास वेगळेच आले, आणि शंका मिटली.

असं का होतं, याचं उत्तर नाकाच्या आत आहे. माणसाच्या नाकात गंध टिपणारी सुमारे ४०० प्रकारची ग्राहक प्रथिनं असतात. अशा प्रथिनांच्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी १९९१ मध्ये जाहीर केला. २००४ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. ही प्रथिनं डाव्या घडणीच्या अमिनो आम्लांची बनलेली, म्हणजे ती स्वतःच एका बाजूची. डाव्या पायातली चप्पल कशीही फिरवली तरी उजव्या पायात नीट बसत नाही, तसे उजवे आणि डावे रेणू या ग्राहकांत सारखे बसत नाहीत. कोणते ग्राहक जागे झाले, त्यावर मेंदूला कळणारा वास ठरतो.

पण नाक प्रत्येक वेळी हा भेद ओळखतंच असं नाही. जर्मनीत माथियास लास्का आणि पीटर टॉइब्नर यांनी १९९९ मध्ये अशा दहा जोड्या लोकांना हुंगायला दिल्या. गट म्हणून लोकांना फक्त तीन जोड्यांतला फरक सांगता आला. त्यात कार्व्होन आणि लिमोनीन होतंच.

शिवाय काही रेणूंना अशी जोडीच नसते. बाळ-बाळंतिणीच्या धुरीत शेप्याबरोबर ओवा पडतो, त्यातलं थायमॉल आरशातही तसंच राहतं. लोणार सरोवराच्या काठी सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा, तोही तसाच. आता लोणारचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी. जून २०२० मध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचं कारण हॅलोआर्किया हे क्षारप्रेमी सूक्ष्मजीव असल्याचं सांगितलं. या जीवांच्या पेशीपटलातला ग्लिसरॉलचा सांगाडा आपल्या पेशींतल्या सांगाड्याच्या नेमका उलट घडणीचा असतो. डाव्या-उजव्याचा हा खेळ इतका खोलवर गेलेला आहे.

बारावीच्या रसायनशास्त्रात हा भाग मुलं बहुधा आकृत्या पाठ करून उरकतात. शिक्षकांनी त्या तासाला चिमूटभर बाळंतशेपा आणि स्पिअरमिंटची चार पानं वर्गात न्यावीत, चुरडून प्रत्येकाच्या नाकाशी धरावीत आणि मगच फळ्यावर कार्व्होन काढावं.