कार्डाआधी एसएमपीएस

कसारा हे मध्य रेल्वेच्या लोकलचं शेवटचं स्टेशन. इथल्या कुणाला ग्राफिक्स कार्ड घ्यायचं झालं तर एका बाजूला नाशिक, दुसऱ्या बाजूला कल्याण-ठाण्याची दुकानं आणि त्याहून पुढे मुंबईतला लॅमिंग्टन रोड. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं म्हटलं तर जाण्यातच जवळपास तीन तास मोडतात. एवढी यातायात करून आणलेलं कार्ड घरी जोडावं, लग्नाच्या व्हिडिओचं रेंडरिंग लावावं आणि दहा मिनिटांत कॉम्प्युटर फटकन बंद पडावा, असं झालं की पहिला संशय कार्डावर जातो. बऱ्याचदा कार्ड निर्दोष असतं. कॅबिनेटसोबत फुकट आलेली पत्र्याची पेटी, म्हणजे एसएमपीएस, नव्या भाराखाली मान टाकते.

या पेटीकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. खरेदीची चर्चा कार्डाची मेमरी किती, गेम किती फ्रेमने चालेल, यावरच रंगते. पैसे संपत आले की उरलेल्या रकमेत बसेल तो एसएमपीएस उचलला जातो. हा क्रम उलटा आहे आणि तो महागात पडतो, कारण मदरबोर्ड, प्रोसेसर, डिस्क आणि ते नवं कार्ड, या सगळ्यांची वीज या एकाच पेटीतून जाते. ती बिघडली तर एकटी बिघडेलच, याची खात्री नसते.

लेबलवरचा मोठा आकडा

एसएमपीएस घरातली २३० व्होल्टची एसी वीज घेतो आणि १२, ५ व ३.३ व्होल्टची डीसी वीज देतो. आजच्या कॉम्प्युटरमधले दोन खादाड भाग, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, जवळजवळ सगळी भूक १२ व्होल्टवर भागवतात. त्यामुळे खोक्यावर ठळक छापलेल्या ४५० किंवा ५०० वॅटपेक्षा पेटीच्या बाजूला चिकटवलेल्या तक्त्यातली १२ व्होल्टची रांग वाचायला हवी. तिथे १८ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. खोक्यावर ४५० छापलं असलं तरी कार्डाच्या आणि प्रोसेसरच्या उपयोगाचे वॅट तेवढेच. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसमध्ये याच रांगेत ४५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो आणि गुणाकार खोक्यावरच्या वॅटच्या जवळ येतो. तक्ताच नसेल, किंवा असून त्यात अँपिअर दिले नसतील, तर ती वस्तू काउंटरवरच सोडून द्यावी.

किती वॅट लागतील, हा हिशेब अवघड नाही. समजा घरात इंटेलचा कोअर आय५-१२४०० प्रोसेसर आहे. पूर्ण जोर लावला की तो ११७ वॅटपर्यंत जातो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० कार्डाची गरज ११५ वॅट. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ५० धरले तर बेरीज २८२ होते. एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. हा आकडा दुपटीच्या जवळ दिसतो, पण तो फुगवलेला नाही. पेटी निम्म्या-पाऊण भारावर चालली तर कमी तापते, पंखा कमी फिरतो आणि आतले कपॅसिटर जास्त वर्षं टिकतात. २०० वॅटच्या आरटीएक्स ४०७० साठी शिफारस ६५० वॅटची आहे. पुढेमागे मोठं कार्ड घ्यायचा विचार पक्का असेल तर आजच ७५० वॅटचा एसएमपीएस घेणं शहाणपणाचं ठरतं. नुसत्या हौसेपोटी १००० वॅटचा घेण्यात मात्र अर्थ नाही.

ऑफिसातून निघालेले जुने डेल किंवा एचपीचे कॉम्प्युटर स्वस्तात मिळतात आणि अनेक घरांत तेच येतात. त्यांची गोष्ट वेगळी. त्यातल्या बऱ्याच यंत्रांचा एसएमपीएस २४० ते २६० वॅटचा असतो, त्याचा आकार आणि मदरबोर्डला जाणारी पिनांची जोडणी कंपनीची स्वतःची असते. बाजारातला नेहमीचा एसएमपीएस तिथे सरळ बसत नाही. अशा यंत्रासाठी वेगळी वायर न लागणारं कार्ड हाच सुरक्षित मार्ग. मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळू शकते. जीटीएक्स १६५० ची काही मॉडेल आणि ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० या मर्यादेत चालतात. घेण्याआधी कार्डावर पॉवरचा सॉकेट नाही, एवढं डोळ्यांनी पाहून घ्यायचं.

क्षणाची ओढ

बेरीज बरोबर असूनही कॉम्प्युटर बंद पडतो, तेव्हा कारण सरासरीत सापडत नाही. ग्राफिक्स कार्ड एकसारखी वीज ओढत नाही. पडद्यावरचं दृश्य बदललं की सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळापुरती त्याची ओढ छापील आकड्याच्या दुपटीपर्यंत जाऊ शकते. कसाऱ्याच्या माणसाला हे समजायला स्टेशनात उभं राहिलं तरी पुरे. मुंबईहून मजेत आलेल्या मेल गाडीला इथे मागून बँकर इंजिनं जोडतात, कारण पुढे थळ घाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे. सपाटीवर पुरणारं इंजिन तिथे एकटं पुरत नाही, आणि गाडीला किती ताकद हवी हे त्या चढावरूनच ठरवावं लागतं.

२०२० मध्ये आरटीएक्स ३०८० आणि ३०९० ही कार्डं आली तेव्हा जगभर ही अडचण ठळक झाली. कागदावर पुरेसे वॅट असलेले एसएमपीएस क्षणिक ओढ ओळखून स्वतःला बंद करू लागले. त्यानंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये इंटेलने एटीएक्स ३.० हा नवा आराखडा काढला. ४५० वॅटहून मोठ्या एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट ओढ सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरती न डगमगता सोसावी, अशी त्यात अपेक्षा आहे. २०२३ मध्ये एटीएक्स ३.१ आला. आज नवा एसएमपीएस घेताना खोक्यावर या दोहोंपैकी एक लिहिलेलं असावं. मोठ्या कार्डासाठी तर असायलाच हवं.

वायरींकडेही तेवढंच लक्ष हवं. आठ पिनांच्या एका जोडणीतून कार्डाला १५० वॅट द्यायचे असतात, सहा पिनांच्या जोडणीतून ७५. कार्डावर आठ पिनांचे दोन सॉकेट असतील तर एसएमपीएसमधून दोन वेगळ्या वायरी आणाव्यात. एकाच वायरीला दोन तोंडं असतात आणि ती लावून कामही भागतं, पण मोठ्या कार्डाचा सगळा प्रवाह मग त्या एकाच वायरीवर येतो. नव्या महागड्या कार्डांवर सोळा पिनांचा, ६०० वॅटपर्यंतचा छोटा सॉकेट असतो. म्हणजे बोटभर जागेतून ५० अँपिअर. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० बाजारात आलं आणि काही आठवड्यांतच हे कनेक्टर वितळल्याची छायाचित्रं फिरू लागली. आपल्याकडे अशी सुमारे ५० प्रकरणं आल्याचं एनव्हिडियाने नोव्हेंबरमध्ये सांगितलं आणि प्लग पूर्ण आत न बसणं हे सर्रास दिसलेलं कारण असल्याचं म्हटलं. पुढे या जोडणीतल्या सूचना देणाऱ्या बारीक पिना आखूड केल्या गेल्या, जेणेकरून प्लग अर्धवट असेल तर कार्ड चालूच होऊ नये. तरीही प्लग शेवटपर्यंत दाबणं आणि वायर तोंडाशीच न वाकवणं हे जोडणाऱ्यानेच पाहायचं असतं.

सुट्या वायरींच्या एसएमपीएसबाबत एक धोका फार कमी लोकांना ठाऊक असतो. जुन्या पेटीच्या वायरी नव्या पेटीला लावायच्या नाहीत, कंपनी तीच असली तरी नाही. कार्डाच्या आणि डिस्कच्या बाजूच्या पिना सगळीकडे सारख्या असतात, पण एसएमपीएसच्या बाजूचा क्रम प्रत्येक कंपनी, कधी प्रत्येक मॉडेल, आपापला ठरवते. प्लग बसतो, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्क कायमची जाते.

बिल्ल्यावर किती विसंबावं?

ब्रॉन्झ, गोल्ड, प्लॅटिनम ही ८० प्लसची बिरुदं २००४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या कार्यक्रमातून आली. घेतलेल्या विजेतली किती कामी आली आणि किती उष्णतेत गेली, एवढंच ती सांगतात. ११५ व्होल्टवरच्या चाचणीत निम्म्या भाराला ब्रॉन्झने ८५ टक्के आणि गोल्डने ९० टक्के वीज कामी लावली पाहिजे. ही चाचणी २३ अंशांच्या आसपासच्या खोलीत होते. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली बंद कॅबिनेटमध्ये काय होईल, १२ व्होल्ट किती स्थिर राहतील, जास्त भार आल्यावर पेटी वेळेत बंद होईल का, याबद्दल हा बिल्ला काहीच बोलत नाही.

२०२१ मध्ये हे जगासमोर आलं. कार्डांचा तुटवडा होता आणि अमेरिकेतला न्यूएग हा ऑनलाइन विक्रेता कार्डासोबत गिगाबाइटचे जीपी-पी७५०जीएम आणि जीपी-पी८५०जीएम हे एसएमपीएस जोडीने गळ्यात मारत होता. दोन्हींवर गोल्डचा बिल्ला होता. ‘गेमर्स नेक्सस’ या परीक्षण वाहिनीने चाचणी घेतली तेव्हा त्यातले अनेक नग जोरदार आवाज करून जळाले. ऑगस्टमध्ये गिगाबाइटने जादा भाराला पेटी बंद करण्याची मर्यादा १२०-१५० टक्क्यांवरून ११०-१२० टक्क्यांवर आणल्याचं जाहीर केलं आणि ठरावीक क्रमांकांचे नग बदलून देऊ केले. म्हणून ब्रँडचं नाव किंवा बिल्ला पाहून थांबू नये. नेमकं तेच मॉडेल कुणीतरी उपकरणं लावून तपासलं आहे का, ते शोधावं. सायप्रसची सायबेनेटिक्स ही प्रयोगशाळा आपले अहवाल सर्वांसाठी खुले ठेवते.

डीपीपासून बोर्डापर्यंत

परदेशी परीक्षणांत एक गोष्ट नसते: कसारा, मोखावणे किंवा मुरबाडच्या एखाद्या पाड्यावरची लाइट. नियमाप्रमाणे घरगुती वीज २३० व्होल्टच्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४ मध्ये हवी. डीपीपासून लांबच्या घरात संध्याकाळी ती यापेक्षा खाली उतरते आणि मध्यरात्री भार कमी झाल्यावर वर चढते. चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं आणि तो १०० ते २४० व्होल्टवर चालण्यासाठीच बांधलेला असतो. कमी व्होल्टेजने तो मरत नाही, फक्त जास्त प्रवाह ओढतो. ५०० वॅटसाठी २३० व्होल्टला २.२ अँपिअर लागतात, १७० व्होल्टला २.९. सैल सॉकेट आणि हलकी एक्स्टेंशन वायर इथेच तापते. मागे ११५-२३० चं लाल बटण असलेल्या जुन्या धाटणीच्या पेट्यांना ही मुभा नसते.

खरा घात जास्त व्होल्टेजचा. पावसात झाडाची फांदी पडून न्यूट्रल तुटला तर सिंगल फेज घरात ४०० व्होल्टच्या जवळ वीज शिरू शकते. त्यापुढे कुठलाच एसएमपीएस टिकण्याची हमी देत नाही. त्यासाठी मेन बोर्डवर जादा आणि कमी व्होल्टेजला लाइन तोडणारं उपकरण बसवून घ्यावं. वीज कडकडत असताना प्लग काढून ठेवण्याला पर्याय नाही.

आणि अर्थिंग. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार गावागावांत ऐकू येते आणि पायात चप्पल घालून मिटवली जाते. त्यामागचं कारण सरळ आहे. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्यापर्यंत छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. विजेतला गोंगाट जमिनीत सोडणं हे त्यांचं काम. अर्थिंग नसेल तर पत्रा फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध, साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण फेज खरोखर पत्र्याला चिकटली तर त्याला जायला जमीनच नसते. स्पाइक गार्डची बरीचशी उपयुक्तताही अर्थिंगवरच अवलंबून असते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या काळ्या कातळात खड्डा खोल जात नाही, आणि भातसा-तानसा धरणं उशाशी असून एप्रिल-मेमध्ये जिथे पिण्याला टँकर येतो तिथे अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायला कुठून आणणार? म्हणूनच इथे मीठ-कोळशाच्या खड्ड्यापेक्षा ओल धरून ठेवणारं केमिकल अर्थिंग बरं पडतं. वायरमनकडून मीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्यावं. ते दोन-चार व्होल्टच्या आत असावं.

लाइट गेल्यावर एसएमपीएस साठवलेल्या विजेवर सुमारे १७ मिलिसेकंद तग धरतो, म्हणजे ५० हर्ट्झच्या एका फेऱ्याहून थोडं कमी. यूपीएसला तेवढ्या अवधीत भार उचलायचा असतो, आणि चांगले यूपीएस तो दहाच्या आत उचलतात. घरचा इन्व्हर्टर वापरायचा तर तो शुद्ध साइन वेव्हचा आणि यूपीएस मोडवर ठेवलेला हवा. यूपीएस घेताना व्हीए पाहून फसू नये. ६०० व्हीएचे बहुतेक यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच देतात. वरच्या उदाहरणातला कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून त्या काठावर जातात, त्यामुळे १ केव्हीएचा घ्यावा.

बजेट आखताना मग क्रम असा लागतो: आधी अर्थिंग, मग एसएमपीएस, मग यूपीएस आणि उरलेल्या पैशांत कार्ड. कार्ड एक पायरी खालचं घ्यावं लागलं तरी चालेल. जुन्या बाजारात कार्ड एक वेळ तपासून घेता येतं, एसएमपीएस मात्र नवाच घ्यावा. तो बिघडला तरी घरी उघडू नये, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही काही काळ ४०० व्होल्टच्या जवळपास वीज साठलेली असते.

दुकानातून निघण्यापूर्वी मॉडेलचं पूर्ण नाव आणि सिरियल नंबर असलेलं पक्कं बिल मागून घ्या, पेटीवरचा ‘आर’ने सुरू होणारा बीआयएस नोंदणी क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकून पाहा आणि पाच वर्षांहून कमी वॉरंटी असेल तर दुसरं मॉडेल दाखवायला सांगा. वॉरंटीचं काम कल्याण-ठाण्यात होतं की मुंबईलाच जावं लागतं, हेही तिथेच विचारा.