आतिथ्याची पदवी

"सर, कपबशा उचलायला पदवी कशाला लागते?" असे एका पालकांनी मला नुकतेच विचारले. त्यांच्या मुलाला बारावीनंतर हॉटेल व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाकडे जावयाचे आहे, आणि त्यावरून पितापुत्रांत अबोला आहे. प्रश्न रागाने विचारलेला असला तरी रास्त आहे. या पदवीत काय शिकवावे हे कोण ठरवितो, आणि कशाच्या आधारे?

ज्याला गरज भासते तो अभ्यासक्रम घडवितो, आणि त्या गरजेची खूण त्यावर पुढे राहून जाते. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे १८९३ साली अशी शाळा निघाली ती हॉटेलांच्या धंद्यासाठी. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने १९२२ साली हा विषय हाती घेतला, तो गृहशास्त्राच्या छत्राखाली. आपल्याकडील हकीकत याहून निराळी आहे. मुंबईतील संस्था १९५४ साली सुरू झाली, ती हॉटेलमालकांनी नव्हे, तर गुजराती लेखिका लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने महिलांच्या अन्न परिषदेने सुरू केली. धान्यटंचाईच्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या. म्हणूनच त्या संस्थेच्या नावात हॉटेल व्यवस्थापनाच्या जोडीला पोषणशास्त्रही आहे.

१९८२ साली यासाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. तिच्याशी संलग्न संस्थांत, आपल्या शेजारी गोव्यातील पर्वरीच्या संस्थेतसुद्धा, एकच अभ्यासक्रम चालतो. पाकसिद्धी, वाढप, स्वागतकक्ष आणि खोल्यांची निगा हे त्याचे चार खांब. भोवती हिशेब, आहार, स्वच्छता, भाषा. दुसऱ्या वर्षी वर्गाचे दोन भाग करतात. अर्धे विद्यार्थी सत्रभर संस्थेत शिकतात, अर्धे प्रत्यक्ष हॉटेलात राबतात. पुढल्या सत्रात अदलाबदल होते. त्यामुळे संस्थेच्या स्वयंपाकघरात गर्दी होत नाही आणि हॉटेलांनाही वर्षभर हात मिळतात. योजना साधी आहे, पण ती सुचायला चुलीपाशी उभे राहिलेले डोके हवे.

पूर्वीच्या तीन वर्षांच्या पदविकेला पुढे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या सहकार्याने पदवीचे रूप आले. मग पदवीने अधिक काय दिले? एक उदाहरण घेऊ. शिजवलेला भात तासन्‌तास तसाच ठेवू नये, हे आपल्या आजीला ठाऊक असते. पाच ते साठ अंश सेल्सियस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, हे कारण पदवीधराला ठाऊक असावे लागते. आणि चारशे पानांच्या पंगतीचे अन्न किती वाजता शिजवावे, कशात ठेवावे, उरलेल्याचे काय करावे, याचा नियम त्याला स्वतः बांधता आला पाहिजे. कपबशी उचलणे हा त्यातील एक तास झाला. मात्र पुस्तकाला दिलेला प्रत्येक तास भट्टीकडून काढून घेतलेला असतो, आणि अभ्यासक्रम रचणाऱ्याची खरी कसोटी तेथेच लागते.

माझी एक तक्रार आहे. पहिल्या वर्षी मुले पाश्चात्त्य रस्से आणि सॉस घोटतात. आपल्या प्रांतोप्रांतीच्या पाककृती दुसऱ्या वर्षी येतात. हा क्रम उलटा का नसावा? आमच्या हुबळी-धारवाडच्या खानावळीत ज्वारीची भाकरी, एण्णगायी आणि शेंगाचटणी ज्या शिस्तीने पानात पडते, ती शिस्त कोणत्याही पंचतारांकित भोजनगृहाला शोभेल. (खानावळ हा शब्द कानडीनेही आपलासा केला आहे.)

पर्यटनाच्या पदवीचे तसेच. येथून शंभरेक किलोमीटरवर बदामी आहे. तेथील तिसऱ्या लेण्यात इ. स. ५७८ चा शिलालेख आहे. जवळच पट्टदकल आहे. १९८७ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. तेथे उत्तरेकडील नागर शिखरे आणि दक्षिणेकडील द्राविड विमाने एकाच आवारात उभी आहेत. प्रवाशाने "असे का?" म्हणून विचारले, तर तिकिटांचा हिशेब शिकलेला पदवीधर काय सांगणार? धारवाडात असा अभ्यासक्रम रचावयाचा झाल्यास चालुक्यांच्या इतिहासाला मी पहिल्याच सत्रात तास देईन. भाषेचे तास थोडे कमी केले तरी चालतील. आमची मुले कानडी, मराठी आणि हिंदी घेऊनच वर्गात येतात. माझ्या घरच्या कोंकणीत तर पाहुण्याला आणि नातलगाला ‘सोयरो’ हा एकच शब्द आहे.

हे सारे मी त्या पालकांना सांगितले. "बघू," एवढेच ते म्हणाले. मुलगा सध्या आईजवळ भाकरी थापावयास शिकत आहे. पहिल्या तीन फाटल्या, असे कळते. चौथी वडिलांच्या ताटात गेली.