डोक्यावरून नव्हे, डोक्यातून पाणी

गाय व्याली की चीक येतो आणि चीक आला की खरवस होतो. समजा, मुळशी तालुक्यातल्या ताम्हिणीच्या आजीनं खरवसाची एक मोठी वडी स्टीलच्या डब्यात घालून दिली आणि तो डबा मांडीवर घेऊन तुम्ही एसटीनं पुण्याला निघालात. घाटाची वळणं, मग खड्डे, मग गतिरोधक, मग पुन्हा खड्डे. चांदणी चौक येईपर्यंत वडीचं काय होईल? लगदा!

आता दुसरा डबा घ्या. वडी ठेवा, वरून काठोकाठ पाणी भरा आणि झाकण घट्ट लावा. चव जाईल, पण ते सोडा. डबा कितीही हिंदकळला तरी वडी बरीचशी शाबूत राहील, कारण पाण्यानं तिला चहूबाजूंनी अलगद धरलेलं असतं.

हा दुसरा डबा तुमच्या खांद्यावर बसवलेला आहे. डबा म्हणजे कवटी आणि खरवस म्हणजे मेंदू. मेंदू खरंच तितका मऊ असतो. मोठ्या माणसाच्या मेंदूचं वजन सुमारे १४०० ग्रॅम, पण पाण्यात तरंगत असल्यामुळे त्याचा भार उरतो जेमतेम ५० ग्रॅम. एका लिंबाएवढा! हे पाणी नसतं, तर मेंदू स्वतःच्याच वजनानं खालून चेपला असता.

या पाण्याचं पुस्तकी नाव मस्तिष्क-मेरुद्रव. डॉक्टर 'सीएसएफ' म्हणून मोकळे होतात. आपण पाणीच म्हणू. ते दिसतंही पाण्यासारखं स्वच्छ. मोठ्या माणसाच्या डोक्यात आणि पाठीच्या कण्यात मिळून ते साधारण १५० मिलिलिटर असतं, म्हणजे चहाचा एक कप. पण गंमत अशी, की शरीर रोज ते तयार करतं सुमारे ५०० मिलिलिटर. दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी! मावतं कपभर आणि रोज ओतलं जातं पिशवीभर. मग उरलेलं जातं कुठं?

ते शोधायला आधी डबा उघडून तळ पाहू. मुळशी तालुक्यातच लवळ्याला सिम्बायोसिसचं मुलींचं मेडिकल कॉलेज आहे, २०२० मध्ये सुरू झालेलं. डॉक्टर होऊ पाहणारा कुणीही, लवळ्याचा असो की लंडनचा, पहिल्याच वर्षी कवटी हातात घेतो आणि तिच्या तळाशी येऊन घाबरतो. वरून कवटी कशी गुळगुळीत, उलट्या वाडग्यासारखी. तळाला मात्र भोकं, खाचा, कंगोरे यांची नुसती जत्रा!

मुळशीच्या पोरांना मात्र तो तळ ओळखीचा वाटेल. डोंगरउतारावर भाताची खाचरं कशी एकाखाली एक असतात? कवटीच्या तळालाही तीन खाचरं आहेत. सगळ्यात वरचं पुढे, डोळ्यांच्या आणि नाकाच्या माथ्यावर. मधलं कानशिलांच्या बाजूला. सगळ्यात खालचं आणि खोल मागे, जिथे तोल सांभाळणारा लहान मेंदू बसतो. दोन खाचरांच्या मध्ये हाडाचा बांधसुद्धा आहे.

शरीरशास्त्रज्ञ नावं ठेवण्यात पटाईत. वरच्या खाचरात मधोमध हाडाचं एक टोक उभं आहे, त्याचं लॅटिन नाव 'कोंबड्याचा तुरा'. त्याच्या दोन्ही अंगांना चक्क चाळण आहे. आंबेमोहोर शिजताना येणारा वास नाकात शिरला, की त्याची बातमी घेऊन बारीक मज्जातंतू या चाळणीतूनच मेंदूकडे जातात. एखाद्या अपघातात ही चाळण तडकली, तर नाकातून पाणी गळू लागतं. ती सर्दी नसते, ते मेंदूचं पाणी असतं. तेव्हा आलं-गवती चहा उपयोगाचा नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं.

मधल्या खाचरात 'तुर्की खोगीर' आहे. त्यावर वाटाण्याएवढी एक ग्रंथी बसते, जी तुमची उंची वाढवते. मधल्या आणि खालच्या खाचरामधला बांध तर नावाप्रमाणेच दगडी. हे शरीरातल्या सर्वांत कठीण हाडांपैकी एक, आणि त्याच्या पोटात आपला आतला कान लपलेला. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांचा डीएनए शोधणारे लोक याच हाडाकडे आधी वळतात. आणि सगळ्यात खालच्या खाचराच्या तळाला ते मोठं भोक, सुमारे साडेतीन सेंटीमीटर लांबीचं. मेंदूची शेपटी तिथून बाहेर पडते आणि पाठीच्या कण्यात मज्जारज्जू होऊन उतरते.

आता पाणी सोडू. मेंदूच्या आत, खोल, चार पोकळ्या आहेत. पहिल्या दोन मोठ्या, डाव्या-उजव्या, बोकडाच्या शिंगांसारख्या वळलेल्या. पोकळ्यांमध्ये केशवाहिन्यांचे नाजूक झुबके लोंबतात. ते रक्तातून हवं तेवढंच घेऊन पाणी पाझरवत राहतात. पाणी दोन्ही शिंगांतून मधल्या चिंचोळ्या तिसऱ्या पोकळीत येतं. तिथून पुढे चौथ्या पोकळीत जायला एकच वाट, एक पाट. लांबी साधारण दीड सेंटीमीटर आणि रुंदी जिऱ्याच्या दाण्याएवढी. साऱ्या वाटेवरची ही सगळ्यात अरुंद जागा! चौथ्या पोकळीला तीन भोकं असतात. त्यांतून बाहेर पडलेलं पाणी मेंदूला आणि मज्जारज्जूला वेढा घालतं. त्यातलं बरंचसं डोक्याच्या माथ्याशी पोचून तिथल्या मोठ्या शिरेत मुरतं. रक्तातून आलं, रक्तात गेलं. कोडं सुटलं.

पण वाटेत कुणी बांध घातला तर?

पाणी अडलं की काय होतं, हे मुळशीला कुणी सांगायला नको. इथं मुळा नदीवर टाटांचं धरण व्हायचं होतं, तेव्हा मावळ्यांनी आपली गावं आणि शेतं बुडू नयेत म्हणून १९२१ मध्ये सत्याग्रह केला. पुढारी होते पांडुरंग महादेव बापट. याच लढ्यानं त्यांना 'सेनापती' केलं. तरीही धरण झालं, आणि मागे पाणी चढत गेलं तशी गावं पाण्याखाली गेली.

डोक्यात जिऱ्याएवढा पाट अडला तरी तसंच होतं. झुबके काही थांबत नाहीत, त्यांचं पाझरणं चालूच. मागच्या पोकळ्या फुगतात आणि मेंदू आतून कवटीवर दाबला जातो. याला म्हणतात जलशीर्ष. घरातले म्हणतात, "डोक्यात पाणी झालंय." काही बाळांचा पाट जन्मतःच अरुंद असतो. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत कधी रक्तस्राव होतो. मेंदूच्या आवरणाला झालेल्या क्षयरोगानं वाट बुजते, किंवा एखादी गाठ वाट अडवते. प्यायलेल्या पाण्याचा, पावसात भिजण्याचा किंवा ग्रहणाचा याच्याशी काडीचा संबंध नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण शेजारपाजारचे सगळं सुचवतात.

तान्ह्या बाळाची कवटी म्हणजे अजून न सांधलेली हाडं. माथ्यावरची मऊ जागा, म्हणजे टाळू, आजीला बरोबर माहीत असते. रोज तेल घालून ती 'टाळू भरते'. खरं तर टाळू तेलानं भरत नाही, ती आपसूक दीड-दोन वर्षांपर्यंत बुजते. पण आजीचा हात रोज तिथं असतो, हे मोठं कामाचं. बाळ शांत बसलेलं असतानाही टाळू फुगलेली, ताणलेली लागली, तर ते सगळ्यात आधी तिलाच कळतं. पाणी साचलं की हाडं एकमेकांपासून सरकतात आणि डोकं भराभर वाढतं. म्हणून तर डॉक्टर टेप घेऊन बाळाच्या डोक्याचा घेर मोजतात. जन्मताना तो ३४-३५ सेंटीमीटरच्या आसपास असतो. काही बाळांची बुबुळं खाली झुकतात आणि वर पांढरा भाग दिसतो. डॉक्टर त्याला 'मावळतीच्या सूर्याची नजर' म्हणतात. तुमच्याएवढ्या मुलांची कवटी मात्र पक्की सांधलेली. तिथे डोकं वाढत नाही, दाब वाढतो, मग सकाळी उठताच डोकं ठणकतं आणि उलट्या होतात.

उपाय? पुन्हा मुळशीलाच चला. मुळेचं पाणी निसर्गानं पूर्वेला धाडलेलं. पुण्यात मुठा, मग भीमा, कृष्णा, आणि शेवटी बंगालचा उपसागर. धरणातलं पाणी मात्र बोगद्यातून आणि नळांतून सह्याद्रीखाली कोकणात, भिऱ्याच्या वीजघरात सुमारे ५०० मीटर उतरतं आणि कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळतं. नदीची दिशाच बदलली! सर्जन अगदी हेच करतात. मेंदूच्या पोकळीत एक बारीक नळी, कानामागे कातडीखाली झडप, आणि तिथून गळ्यातून, छातीवरून, सगळी कातडीआडून, नळी थेट पोटात. तिथं पाणी शोषलं जातं. याचं नाव शंट. झडप एकाच दिशेनं उघडते आणि तीही ठरावीक दाब आल्यावरच. मूल उंच होईल म्हणून पोटात नळीचा थोडा वेटोळा जास्तीचा ठेवतात. आईनं फ्रॉकला दुमड ठेवावी तसा!

पहिल्या झडपा मात्र फार तुंबायच्या. १९६० मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका टॅक्सीनं बाबागाडीला धडक दिली. आतल्या चार महिन्यांच्या थिओला जलशीर्ष झालं आणि त्याचा शंट पुन्हा पुन्हा बंद पडू लागला. त्याचे वडील लेखक होते, 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी'वाले रोआल्ड डाल. त्यांनी कुणाला गाठलं, तर खेळण्यातल्या विमानांची बारीक इंजिनं बनवणाऱ्या स्टॅन्ले वेड यांना! सोबतीला सर्जन केनेथ टिल. तिघांनी मिळून न तुंबणारी झडप बनवली. ती तयार होईपर्यंत थिओला तिची गरज उरली नव्हती, पण जगभरातल्या हजारो मुलांना ती बसवली गेली. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समधले डॉ. उपाध्याय यांनी देशी शंट बनवला, तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो.

दुसरी युक्ती शेतकऱ्याची. पाट बुजला तर तो काय करतो? फावडं घेऊन खाचराचा बांध फोडतो. सर्जनही दुर्बिणीनं तिसऱ्या पोकळीच्या तळाला, त्या तुर्की खोगिराच्या जरा मागे, एक भोक पाडतात आणि पाणी पाट टाळून निघून जातं. नळी नाही, झडप नाही. मला ही युक्ती जास्त आवडते, पण प्रत्येकाला ती चालत नाही, नेहमी पुरतही नाही.

जाता जाता एक हिशोब. दिवसाला ५०० मिलिलिटर म्हणजे मिनिटाला साधारण सात थेंब. हे सगळं वाचायला तुम्हाला दहा मिनिटं लागली असतील, तर तेवढ्यात तुमच्या डोक्यात सत्तर नवे थेंब आले, आणि तितकेच गुपचूप निघूनही गेले.