लग्नाचे तीन हजार फोटो आणि एक अंतरपाट

तुळशीचं लग्न लागलं की फोटोग्राफरची झोप उडते. नाशिकच्या इंदिरानगरसारख्या वसाहतीत घरातल्याच एका खोलीत स्टुडिओ चालवणाऱ्याला तर मदतीला माणूसही नसतो. हळद, लग्न, रिसेप्शन असे दोन कॅमेऱ्यांचे मिळून तीन हजार फोटो सहज होतात. प्रत्येकाला एकच मिनिट धरलं तरी पन्नास तास झाले, आणि तोवर पुढची तिथी दारात उभी.

अशा वेळी हात आधी खिशाकडे जातो. नवा कॉम्प्युटर घ्यावा, कुणाचे तरी प्रीसेट विकत घ्यावेत असं वाटतं. प्रीसेटचे पैसे वाचवा, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्याने दुसऱ्या उजेडात बनवलेला प्रीसेट आपल्या मांडवात लावला की तो दुरुस्त करण्यातच वेळ जातो. खरा वेळ खातो तो एकच निर्णय पुन्हापुन्हा घेणं. हा फोटो ठेवू का? याचा पिवळेपणा किती कमी करू? हेच प्रश्न तीन हजार वेळा.

म्हणून निवड आणि करेक्शन ही दोन कामं एकत्र करू नका. निवडताना एकाही स्लायडरला हात लावायचा नाही. लाइटरूम क्लासिकमध्ये कॅप्स लॉक चालू ठेवून ‘पी’ दाबलं की फोटो निवडला जातो आणि पुढचा आपोआप समोर येतो. ‘एक्स’ दाबलं की बाद. इम्पोर्ट करताना प्रीव्ह्यूसाठी ‘एम्बेडेड अँड साइडकार’ हा पर्याय घ्या. रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने आधीच एक जेपेग ठेवलेला असतो, तोच दिसतो आणि वाट पाहावी लागत नाही. फोटो मेकॅनिक हे सॉफ्टवेअर निवडीसाठी इतकं चपळ वाटतं तेही याच युक्तीमुळे. ‘कोणता काढू’ असं न विचारता ‘कोणता ठेवू’ असं विचारा. स्टेजवरच्या एकाच कुटुंबाच्या सहा फोटोंतून सगळ्यांचे डोळे उघडे असलेला एक मिळाला की बाकीचे पाच बघायची गरजच उरत नाही. फोटोमागे पाच सेकंद वाचले, तर तीन हजारांमागे चार तासांहून जास्त वाचतात.

दोन कॅमेरे असतील तर घड्याळं कार्यक्रमाआधीच जुळवा. ती जुळली नाहीत तर मंगलाष्टकांच्या मध्येच वरातीतला घोडा उगवतो. राहून गेलंच, तर अक्षता पडतानाचा एकाच क्षणाचा फोटो दोन्ही कॅमेऱ्यांत शोधा. मग एका कॅमेऱ्याचे सगळे फोटो निवडून ‘एडिट कॅप्चर टाइम’मधून फरक भरून काढा, सगळ्यांची वेळ तेवढीच सरकते.

आता करेक्शन. निवडलेले फोटो उजेडाप्रमाणे वेगळे करा: गच्चीवरची हळद, हॉलमधलं लग्न, रिसेप्शनचं स्टेज, रात्रीची वरात. प्रत्येक गटातला एकच फोटो मनासारखा करायचा, मग पूर्ण गट निवडून ‘सिंक’ करायचा. क्रॉपची खूण काढून टाका, नाहीतर सगळ्यांची डोकी एकाच ठिकाणी कापली जातील.

हळदीचा गट सगळ्यात जास्त रडवतो. चेहरा पिवळा, साडी पिवळी, वर कापडही पिवळं. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स गोंधळून निळा घालतो, आणि तोही प्रत्येक फोटोत वेगळा. मग सिंक करूनही रंग जुळत नाहीत. लाइटरूममध्ये ‘अ‍ॅज शॉट’ सोडून सगळ्या गटाला एकच केल्विन आकडा द्यावा लागतो. त्यापेक्षा हळदीपुरता तो आकडा कॅमेऱ्यातच ठरवून टाकावा.

लग्नाच्या गटाला मात्र आपल्याकडे आयतं साधन आहे: अंतरपाट. नवरा-नवरीमध्ये धरलेल्या त्या पांढऱ्या कापडावर, कुंकवाच्या स्वस्तिकापासून दूर, व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर टेकवा. त्वचेचा रंग पुष्कळसा जागेवर येतो. जिथे कापड व्हिडिओच्या लाइटने जळून पांढरंफटक झालंय तिथे टेकवू नका. तिथे रंगाची माहितीच उरलेली नसते. स्टेजचा जांभळा एलईडी कापडावर पडला असेल तर दुसरा फोटो घ्या.

विषय आपोआप निवडणारे मास्क २०२१ मध्ये लाइटरूममध्ये आले आणि एआय डीनॉइज २०२३ मध्ये. दोन्ही कामाचे, पण संगणकाला जड. वरातीतले अंधारातले फोटो डीनॉइजला लावायचेत तर फक्त अल्बममध्ये जाणारे लावा, तेही झोपायला जाताना.

मशीनवर खर्च करायचाच असेल तर आधी कॅटलॉग आणि प्रीव्ह्यू एसएसडीवर हलवा. मूळ रॉ साध्या हार्ड डिस्कवर राहिल्या तरी चालतं. स्मार्ट प्रीव्ह्यू बनवले की लांब बाजूला २५६० पिक्सेलची हलकी प्रत तयार होते. तीन हजार रॉ फाइल्स सत्तर-ऐंशी जीबी भरतात, स्मार्ट प्रीव्ह्यू त्यामानाने किरकोळ. त्यामुळे कॅटलॉग स्मार्ट प्रीव्ह्यूंसकट दुसऱ्याला देऊन करेक्शन बाहेर करून घेता येतं.

टिपणारा आणि फिल्म धुणारा वेगळा, ही विभागणी जुनीच आहे. इंदिरानगरपासून जवळच, पांडवलेणीच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचं स्मारक आहे. त्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या काळात फिल्मला छिद्रं पाडणं, रसायनं कालवणं ही कामं घरात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत, नाव मात्र एकाचंच गाजलं. तेव्हा करेक्शन दुसऱ्याकडे द्या, त्याचे पैसे वेळेवर द्या, आणि निवड मात्र स्वतःच्या हातात ठेवा.

रिटचिंग अल्बमची शीट पाहून ठरवा. बारा बाय छत्तीस इंचांची शीट ३०० डीपीआयला १०८०० बाय ३६०० पिक्सेलची होते, पण तिच्यावरचे बरेच फोटो चार-पाच इंचांचे असतात. तेवढ्या आकारात गालावरचा बारीक डाग दिसतच नाही. पानभर जाणारे आठ-दहा फोटो मन लावून करा, बाकी सोडा.

एवढं करूनही अल्बम अडतो तो पार्टीकडे, फोटो निवडण्यात. तीन हजारांचा पेनड्राइव्ह दिलात तर चार महिने उत्तर येणार नाही. चारशेच द्या, आणि निवड परत देण्याची तारीख अ‍ॅडव्हान्स घेतानाच पावतीवर लिहून घ्या.