प्रतिकृति-विमानातील एंजिनाची बैठक

रेडिओनियंत्रित प्रतिकृति-विमानाची रचना करताना पंखाचा छेद, शेपटीचे क्षेत्रफळ आणि एंजिनाची शक्ती यांचा विचार आवर्जून केला जातो. एंजिन ज्या आधारावर बसते त्या बैठकीकडे मात्र केवळ जोडकामाची बाब म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आढळते. वस्तुतः ओढबलाची दिशा, कंपनांचे शमन आणि सांध्यांचा टिकाऊपणा हे तिन्ही प्रश्न याच एका ठिकाणी सोडवावे लागतात. वर्धा जिल्ह्यातील उन्हाळा आणि काळी जमीन लक्षात घेता त्यांतील तिसऱ्या प्रश्नास विशेष महत्त्व प्राप्त होते.

अमेरिकेत वॉल्टर व विल्यम गुड या बंधूंनी १९३७ साली 'गफ' हे रेडिओनियंत्रित विमान उडविले. १९४७ च्या सुमारास रे आर्डेन यांचा ग्लो-प्लग प्रचारात आला. ठिणगीसाठी लागणारी कॉइल व बॅटरी त्यामुळे अनावश्यक झाली आणि लहान, वेगवान एंजिनांचा मार्ग मोकळा झाला. अशा एंजिनाची बैठक बहुधा काचतंतुमिश्रित नायलॉनची किंवा ॲल्युमिनियमची असते. तिच्या दोन समांतर भुजांवर एंजिन बसते. बैठक स्वतः चार बोल्टांनी विमानाच्या नाकाशी असलेल्या प्लायवुडच्या आडव्या भिंतीला, म्हणजे फायरवॉलला, जखडलेली असते.

या जोडावर पडणारा भार ओढबलापेक्षा कितीतरी मोठा असतो. ६.५ घन सेंटिमीटरच्या एंजिनात दट्ट्याची धाव सुमारे २० मि.मी. असते. मिनिटास १०,००० फेऱ्यांच्या गतीला दट्ट्याचे कमाल त्वरण दर सेकंदास सेकंदाला ११,००० मीटरच्या घरात जाते. दट्ट्या व त्यासोबत वरखाली होणाऱ्या भागांचे वस्तुमान १० ग्रॅम धरले, तर उत्पन्न होणारे बल ११० न्यूटन येते. ओढबल २० न्यूटन धरल्यास हे बल त्याच्या साडेपाच पट झाले. भुजदंडावरील प्रतिभार त्याचा काही अंशच तोलतो. उरलेले बल सेकंदास सुमारे १६७ वेळा दिशा पालटीत बैठकीवर येते. बैठक ढिली असल्यास टाकीतील इंधनास फेस येतो, एंजिनाला हवेच्या मानाने इंधन कमी पडते आणि ते भर उड्डाणात बंद पडते. सबब बोल्टांसाठी फायरवॉलच्या मागील बाजूस टी-नट बसविणे व आट्यांवर नट-बोल्ट पक्के करणारा द्रव लावणे इष्ट होय. साध्या लाकडी स्क्रूंवर विसंबणे युक्त नव्हे.

दुसरा प्रश्न दिशेचा. मागून पाहता प्रॉपेलर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्याची प्रतिक्रिया विमानास डावीकडे कलविते आणि त्याचा चक्राकार झोत उभ्या शेपटीवर आदळून नाकही डावीकडे वळवितो. म्हणून एंजिनाचा अक्ष किंचित उजवीकडे ठेवतात. त्याचप्रमाणे पंख उंचावर असलेल्या शिकाऊ विमानात शक्ती वाढविताच नाक वर जाऊ लागते. त्यावर उपाय म्हणून अक्ष थोडा खाली झुकविला जातो. बोल्टांमधील अंतर ४० मि.मी. असल्यास वरच्या दोन बोल्टांवर, बैठक व फायरवॉल यांच्यामध्ये, १ मि.मी. जाडीचा एकेक वॉशर घातल्याने हा अक्ष सुमारे १.४ अंश खाली झुकतो. डाव्या बाजूच्या बोल्टांवर वॉशर घातल्यास तो उजवीकडे वळतो. मात्र फायरवॉलपासून प्रॉपेलर १०० मि.मी. पुढे असेल, तर २ अंशांच्या वळणाने तो मध्यरेषेच्या उजवीकडे ३.५ मि.मी. सरकतो, तेवढ्याच अंतराने बैठक आरंभीच डावीकडे घ्यावी लागते.

भुजांना छिद्रे पाडण्यापूर्वी गुरुत्वमध्य तपासणेही अगत्याचे आहे. अडीच किलोग्रॅमच्या विमानात ३५० ग्रॅमचे एंजिन १० मि.मी. पुढे सरकविले, तर गुरुत्वमध्य १.४ मि.मी. पुढे जातो. अशा रीतीने नाकात शिसे भरण्याचा प्रसंग पुष्कळदा टाळता येतो.

आता स्थानिक परिस्थितीचा विचार. मे महिन्यात वर्ध्याचे कमाल तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीतील विमान त्याहून कितीतरी अधिक तापते. झटपट घट्ट होणारी अनेक इपॉक्सी ५० ते ६० अंशांच्या दरम्यान मऊ पडू लागतात. म्हणून फायरवॉलसाठी सावकाश घट्ट होणारे इपॉक्सी वापरावे, आतील कोपऱ्यांत त्रिकोणी लाकडी पट्ट्या द्याव्यात आणि दोन्ही कुशींतून लाकडी खुंट्या ठोकाव्यात, म्हणजे सांधा केवळ चिकटद्रव्यावर अवलंबून राहत नाही. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात. तीन चाकांच्या विमानात पुढील चाकाचा दांडा बहुधा फायरवॉललाच जोडलेला असल्यामुळे, चाक भेगेत अडकताच तो हिसका थेट याच सांध्यावर येतो. पावसाळ्यातील दमटपणा व धुराड्यातून उडणारे तेल प्लायवुडच्या उघड्या कडांतून आत शिरते. सर्व कडांना व छिद्रांच्या आतील बाजूंना इपॉक्सीचा पातळ थर देणे हा त्यावरील उपाय होय.

विजेच्या मोटारीला वरखाली होणारा दट्ट्या नसतो, त्यामुळे कंपनांचा प्रश्न बराच सौम्य होतो. दिशेचा व सांध्याचा प्रश्न मात्र तसाच राहतो.

बैठक बसविल्यावर विमानाची शेपटी घट्ट धरून एंजिन पूर्ण गतीने चालवावे आणि ते बंद केल्यानंतर प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासावा. कारण दाबाखाली प्लायवुडचे तंतू चेपले जाऊन पहिल्याच चाचणीत पकड सैल होण्याचा संभव असतो. २५४ मि.मी. व्यासाच्या प्रॉपेलरचे टोक मिनिटास १०,००० फेऱ्यांच्या गतीला ताशी सुमारे ४८० किलोमीटर वेगाने फिरत असते. अशा वेळी बैठक निसटली, तर हानी केवळ विमानाचीच होईल असे नाही. चाचणीच्या वेळी प्रॉपेलरच्या समोर अथवा त्याच्या फिरण्याच्या प्रतलात कोणीही उभे राहू नये, हा नियम म्हणूनच प्रयोगशाळेत व मैदानावर सारख्याच कटाक्षाने पाळावयास हवा.